उजव्या हाताची परीक्षा

सारिका पाच हंगाम कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलवर कामाला जात होती. साखरखेर्ड्यातून सकाळी बायकांना घेऊन एक गाडी निघायची, चिखलीच्या रस्त्यावर मिलच्या फाटकात सोडायची आणि दिवस मावळताना परत आणायची. ढिगातला कापूस ओढून पट्ट्यावर सोडायचा, त्यातला काडीकचरा आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून बाजूला काढायची, हे तिचं काम. हात चलाख होता. मुकादम तुळशीराम नवीन बायकांना तिच्या शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, "इच्या हाताकडं पाहा."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, दुपारच्या जेवणानंतर, यंत्रांखालच्या पन्हळीत सरकी अडली. त्या पन्हळीत एक लांब लोखंडी मळसूत्र फिरत असतं, ते सरकी पुढे ढकलतं. त्याच्यावरचं झाकण कधीचं काढून ठेवलेलं होतं. तुळशीराम म्हणाला, "सारिकाबाई, तेवढा गोळा वढून काढा." तिनं हात घातला. गोळा निघाला आणि अडलेलं मळसूत्र फिरलं.

पुढचं तिला एवढंच आठवत होतं, की ओरडण्याच्या आधी तिनं डाव्या हातानं पदर सावरला होता, तोही ओढला जाईल म्हणून.

उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, तिथंच गेली. तळवा चेचला. बुलढाण्याच्या दवाखान्यात ती बावीस दिवस होती. घरी सोडताना डॉक्टरांनी अंगठा, अनामिका आणि करंगळी एकेक करून हलवून दाखवली. "हे उरलंय, ते सांभाळा. टाके सुकले की हात हलवत राहायचा. बसवून ठेवला तर लाकूड होईल."

तिनं ते ऐकलं. नवरा प्रसेनजित रंगकाम करायचा. तो सकाळी निघून गेला, नऊ वर्षांची मनाली शाळेत गेली, की ती ओट्यावर बसून कणकेचा गोळा दाबायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण दाबायची. एप्रिलपर्यंत अनामिका अर्धी वाकायला लागली होती. सासू सिंधूताई कौतुकानं पाहायची. "वाकते बाई, वाकते," म्हणायची.

मिलनं अपघात नाकारला नाही. हजेरीपटावर तिचं नाव होतं आणि तुळशीरामनं खरं ते सांगितलं. कामावर नसतानाची जी रक्कम कायद्यानं मिळते, ती मिलनं तीन महिने दिली आणि मग हात वर केले. कामगारांचा विमा होता, पुढचं विमा कंपनी पाहील, असं उत्तर आलं. कंपनीनं कायद्यातला तक्ता पुढे केला. दोन बोटं गेली म्हणजे कमाईची ताकद वीस टक्के गेली, त्याहून एक टक्काही जास्त नाही.

मे महिन्यात प्रसेनजित तिला घेऊन बुलढाण्याला वकिलाकडे गेला. शेखर वकील पस्तिशीचा असेल, साधा माणूस. त्यानं कागद वाचले, हात पाहिला.

"बोटं दोन गेली, पण काम तर अख्ख्या हातानं करत होत्या ना," तो म्हणाला. "आपलं म्हणणं हेच राहील. तुम्हाला जे काम येत होतं, त्या कामाची किती ताकद उरली, ते मोजा. कामगार भरपाईचे आयुक्त साहेब तपासणीचा हुकूम देतील. पण ताई, एक गोष्ट. कंपनी माणूस पाठवते. तुम्ही हंडा उचलला, धुणं पिळलं, भाकर थापली, की तो फोटो काढतो. मग कोर्टात सांगतात, बाईचा हात तर छान चालतोय. म्हणून तपासणी होईपर्यंत त्या हातानं काही करायचं नाही. हलवायचासुद्धा नाही."

"डॉक्टर तर हलवा म्हंतेत," सारिका म्हणाली.

"डॉक्टरला केस लढवायची नाही," शेखर म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच तिचं भलं करायचं होतं.

त्या दिवसापासून कणकेचा गोळा बंद झाला.

सुरुवातीला तिला ते गमतीचं वाटलं. हात ओढणीत गुंडाळून गळ्यात अडकवायचा आणि बसायचं. पण ऑगस्टमध्ये एके दिवशी शेजारच्या वच्छलाबाई भाजी घ्यायला गेल्या आणि परत येताना सरळ सारिकाच्या दारात आल्या.

"काय व, तुह्याकडं कोनी पाव्हना आल्ता काय?"

"नाई बा. काऊन?"

"एक गाडीवाला होता चौकात. पांढरा शर्ट. इचारत होता, सारिकाबाई सैपाक करते का, का सासू करते. म्या म्हटलं, तुले काय करा लागते? तं म्हने, योजनेचं सर्वेक्षण हाये."

वच्छलाबाई गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. मग खिडकी लावली. मग सिंधूताईनं विचारलं, "दिवसाढवळ्या काऊन लावून राह्यली?"

तो माणूस तिला स्वतःला कधी नीट दिसला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. दिसला असता तर तोच एक माणूस राहिला असता. आता प्रत्येक पांढरा शर्ट तोच होता. पतसंस्थेचा माणूस, सोलरवाला, मीटर पाहायला आलेला पोरगा, सगळ्यांच्या हातात मोबाईल होता आणि सगळ्यांचे मोबाईल तिच्याकडे तोंड करून होते. तिनं अंगणात दोरीवर कपडे वाळत घालणं सोडलं. विहारात वंदनेला जाणं सोडलं, कारण तिथं हात जोडावे लागतात आणि ते कसे जोडायचे ते तिला कळेना. जेवताना ती भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं खायची. घरात, दार लावलेलं असतानाही.

मनाली एकदा अभ्यास करताना म्हणाली, "आई, तुहा हात आता झोपीत सुदिक हालत नाई."

प्रसेनजित चिडायचा. "अव, घरात कोन पाह्यते? हलव न थोडा."

"तुमाले काय? तुमी जाता सकायी निंघून," ती म्हणायची. "एक फोटो निंघाला तं मंग? लोक म्हंतीन सोंग करत होती."

सोंग. हा शब्द तिच्या मनात बसला होता. गावात कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण म्हणतील असं तिला वाटायचं, आणि मग ते म्हटल्यासारखंच व्हायचं. रात्र झाली की तिला अनामिका आत कुठंतरी आखडत चालल्याचं जाणवायचं. सकाळी ती चादरीखाली ते बोट हळूच वाकवून पाहायची. सप्टेंबरमध्ये ते थोडं वाकलं. ऑक्टोबरमध्ये वाकलं नाही. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. वाकत नाही तेच केससाठी बरं, असा विचार तिच्या मनात आला, आणि आपल्याच मनाची तिला भीती वाटली.

नोव्हेंबरमध्ये ते घडलं. गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा आणि आला की पाऊण तास राहायचा. त्या दिवशी प्रसेनजित जालन्याला रंगकामावर होता, मनाली शाळेत. सिंधूताई पाणी भरायला उठली आणि दोन कळशा आणल्यावर छातीला हात लावून उंबऱ्यातच खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

"काही नाई, चक्कर आली," ती म्हणाली. "तू जाऊ नको बाहीर."

सारिकानं सासूला भिंतीला टेकवून बसवलं, तोंडावर पाणी मारलं. बाहेर नळाचा आवाज बारीक होत चालला होता. आठ दिवस. घरात टाकीच्या तळाला चार बोटं पाणी. तिनं गळ्यातली ओढणी काढली आणि कळशी घेऊन बाहेर गेली.

डाव्या हातानं कळशीचा काठ धरायचा, उजवा हात कोपरापासून खाली घालून बूड तोलायचं आणि कमरेवर टेकवायचं. पहिली कळशी तिनं अशी नेली. दुसरी नेली. सहावीच्या वेळी उजव्या मनगटात कळ इतकी जोरात आली, की तिनं कळशी नळाखालीच ठेवली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. शर्ट पांढरा नव्हता, निळा होता. मोबाईल त्यानं छातीसमोर सरळ उभा धरला होता. तो बोलत नव्हता, वाचत नव्हता. तिनं पाहिलं तसा त्यानं मोबाईल खिशात घातला, उठला आणि गाडी लावली होती तिकडे चालत गेला. घाई केली नाही.

ती घरात आली आणि सिंधूताईच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघींनाही घाम आला होता.

"आत्याबाई, त्यानं काढला," ती म्हणाली.

"काय काढलं?"

"माहा फोटो. पानी भरताना."

सिंधूताईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पानी भरलं, चोरी नाई केली." पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

शेखर वकिलाला हे सांगायला हवं होतं. प्रसेनजितनं दोनदा फोन लावून दिला आणि दोन्ही वेळा सारिकानं कापला. तिला वाटायचं, वकिलानं केस सोडली तर? आणि न सांगावं तर कोर्टात एकदम समोर येईल. दोन्हीकडून ती अडकली होती. जानेवारीपर्यंत ती तशीच राहिली. तिचं वजन पाच किलोनं उतरलं.

आयुक्तांचा हुकूम आला. कंपनीच्या डॉक्टरचं आणि अर्जदाराच्या डॉक्टरचं जमत नसल्यानं बुलढाण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात दोन दिवस तपासणी व्हावी, आणि अहवाल सरळ आयुक्तांकडे यावा. अपघातानंतर माणूस कोणतं काम करू शकतो, किती वेळ करू शकतो, हे तिथं पाहतात, असं शेखरनं समजावलं. "घाबरू नका," तो म्हणाला. आणि मग पुढे म्हणाला, "फक्त जास्त जोर लावू नका."

केंद्रातल्या रुपाली मॅडम चाळिशीच्या होत्या. हळू बोलायच्या. प्रसेनजितला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं आणि सारिकाला आत नेलं. हाताकडे त्यांनी लगेच पाहिलंच नाही. वही उघडली आणि म्हणाल्या, "मिलमध्ये सकाळी गेल्यापासून काय काय करायचात, ते सांगा. सगळं. मला जिनिंगमधलं काही माहीत नाही असं समजा."

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. वकिलानं नाही, डॉक्टरानं नाही. ती सांगत गेली. ढीग किती उंच असतो, ओलसर कापूस कसा ओढायचा, कवडी बोटांच्या टोकांना कशी कळते, पट्टा चालू असताना चिमटीत काडी कशी पकडायची. सांगताना तिचा उजवा हात ओढणीत हलला आणि तिनं तो लगेच दाबून धरला. मॅडमनं ते पाहिलं.

मग पकड मोजायचं यंत्र आलं. मूठ आवळायची, की किती किलोचा जोर लागला ते वर काटा दाखवतो. डावा हात झाला. मग उजवा आला. जास्त जोर लावला तर टक्के जातील. अजिबात लावला नाही तर सोंग. तिनं थोडासा लावला. मॅडमनं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा, थांबून पुन्हा. चार, अकरा, सहा, नऊ असे आकडे आले.

मॅडमनं पेन खाली ठेवलं.

"ताई, हात खरंच थकला की आकडे उतरत जातात. हे उड्या मारतायत."

त्याच वेळी शेजारच्या घरातली पिठाची गिरणी सुरू झाली. पट्टा फिरल्याचा तो आवाज भिंतीतून आला आणि ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. उजवा हात काखेत. तोंड पांढरंफटक. मॅडमही उठल्या, खिडकी लावून आल्या, पाण्याचा ग्लास तिच्या डाव्या बाजूला ठेवला.

"असं नेहमी होतं?"

"चक्कीपासून जातच नाई मी," सारिका म्हणाली. "मनालीचे बाबा आनतात दळन."

ती बसली. आणि मग तिच्या तोंडून सगळं बाहेर आलं. वकिलाचं सांगणं, चौकातला पांढरा शर्ट, बंद खिडकी, कळशी, निळा शर्ट. ते बोट वाकलं नाही तेव्हा बरं वाटलं होतं, हेसुद्धा. बोलताना ती रडली नाही. फक्त दाराकडे पाहत राहिली, जणू कुणी ऐकत असेल.

रुपाली मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "मी हे सगळं अहवालात घालणार. पहिल्या वेळी तुम्ही पूर्ण जोर लावला नाही, हेही."

"मंग तं माही केस गेलीच."

"ते मी ठरवत नाही. पण मी आज तुमच्या बाजूनं एक खोटं लिहिलं, तर माझं बाकीचं खरंही कुणी मानणार नाही. आता सांगा, पुन्हा करायचं का? या वेळी जेवढी ताकद आहे तेवढी."

सारिकानं यंत्राकडे पाहिलं. तिला बाहेर जाऊन प्रसेनजितला विचारावंसं वाटलं. पण हात तिचा होता.

"करते," ती म्हणाली.

या वेळी तेरा आला. मग बारा, दहा, सात.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं कुठून तरी सरकीसकट कापसाची दोन पोती मागवून ठेवली होती. जमिनीवर ढीग केला, त्यात काड्या आणि पिवळा कापूस मिसळला आणि घड्याळ लावलं. सारिकानं डाव्या हातानं ओढलं, उजव्याच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं धरायचा प्रयत्न केला. पहिली पाच मिनिटं बरं चाललं. बाराव्या मिनिटाला काड्या सुटायला लागल्या. अठराव्या मिनिटाला तळवा निळसर पडला आणि मनगट थरथरायला लागलं, ते तिनं थांबवलं तरी थांबेना. मॅडमनं घड्याळ बंद केलं. नंतर पाण्यानं भरलेली कळशीही उचलायला लावली. एक, दोन, तीन. सहाव्या वेळी ती उचलूच शकली नाही.

निघताना मॅडमनं तिची अनामिका दोन बोटांत धरून पाहिली.

"हे बोट एप्रिलमध्ये किती वाकायचं?"

सारिकानं डाव्या हाताचं बोट अर्धं वाकवून दाखवलं.

मॅडमनं ते लिहून घेतलं. निकाल काय लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये प्रसेनजितनं विचारलं, "काय म्हने?" सारिका म्हणाली, "खरं सांगतलं म्या." तो घाबरून तिच्याकडे पाहत राहिला.

सुनावणी मार्चमध्ये लागली. ते सात आठवडे तिनं कसे काढले, हे तिचं तिलाच माहीत. शेखर वकिलाला अहवाल मिळाला तेव्हा तो फोनवर आधी रागावला. "मला का नाही सांगितलं कळशीचं?" मग म्हणाला, "चूक माझीही आहे. हात हलवू नका असं मी म्हणायला नको होतं."

आयुक्तांची खोली लहान होती. पंखा, कपाटं, फायली. कंपनीच्या वकिलानं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चित्रफीत लावली. सारिकानं स्वतःला पाहिलं. ती नळावर वाकली होती, कळशी उचलत होती, कमरेवर घेऊन चालत होती. चित्रात ती धडधाकट दिसत होती. मनगटातली कळ चित्रात कुठंच नव्हती. उंबऱ्यात बसलेली सिंधूताईही नव्हती. चित्र पाचव्या कळशीवर संपलं.

साक्षीला रुपाली मॅडम उभ्या होत्या. कंपनीच्या वकिलानं अहवालाचं एक पान वर धरलं.

"अर्जदारानं चाचणीत पूर्ण जोर लावला होता का?"

"पहिल्या चाचणीत नाही."

शेखरनं खाली पाहिलं. प्रसेनजित मागच्या बाकावर होता, त्यानं खोकल्यासारखं केलं. सारिकाला वाटलं, आता संपलं. सगळ्या गावाला कळणार.

"म्हणजे अर्जदारानं फसवायचा प्रयत्न केला."

"तिनं भीतीनं कमी जोर लावला," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याच दिवशी, पुढच्या दहा मिनिटांत, स्वतःहून सांगितलं. ही चित्रफीत आपण आज दाखवलीत. त्या बाईंनी मला तिच्याबद्दल जानेवारीतच सांगितलं होतं. सहावी कळशी ठेवून द्यावी लागली, हेही. ते पान चारवर आहे."

आयुक्तांनी पान चार उघडलं. बराच वेळ वाचलं. मग कंपनीच्या वकिलाला विचारलं, "ही फीत किती मिनिटांची?"

"सहा मिनिटं, साहेब."

"कामाची पाळी किती तासांची असते?"

"आठ, साहेब."

आयुक्तांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. मॅडमना फक्त एवढं विचारलं, की ही बाई जिनिंगच्या कामाला परत जाऊ शकेल का. मॅडम म्हणाल्या, जुनं काम नाही. यंत्रापाशी तर अजिबात नाही, यंत्राच्या आवाजानं ती उठून उभी राहते, हे मी पाहिलंय. बसून, डाव्या हातानं, थोड्या तासांचं काम शिकवलं तर करू शकेल.

निकाल एप्रिलच्या शेवटी आला. पासष्ट टक्के. तपासणीच्या आणि व्याजाच्या रकमेसह कंपनीनं भरपाई आयुक्तांकडे जमा करावी. कंपनीनं पुढच्याच महिन्यात जमा केली आणि वर अपीलही केलं. त्यामुळे सारिकाच्या हाती आता अर्धीच रक्कम येईल, बाकीची अपिलाचं होईल तेव्हा, असं शेखरनं सांगितलं. सिंधूताईनं विचारलं, "म्हंजी जितलो का हारलो?" प्रसेनजित म्हणाला, "जितलो, आत्ता तरी."

त्या आठवड्यात सारिका पुन्हा केंद्रात गेली, या वेळी कुणी हुकूम न देता. दर गुरुवारी व्यायाम ठरला. अंगठा आणि करंगळी एकमेकांना भेटायला लागली. पहिल्याच गुरुवारी तिनं अनामिकेचं विचारलं.

"ते आता वाकणार नाही," रुपाली मॅडम म्हणाल्या. "आतून धरलंय. वेळेवर हात हलवत राहिला असतात तर बहुतेक वाचलं असतं. तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे."

सारिकानं मान हलवली. घरी येईपर्यंत ती त्या बोटाकडे पाहत होती. दोन बोटं मिलमध्ये गेली होती. हे तिसरं तिनं स्वतःच्या घरात, दार लावून, आठ महिन्यांत घालवलं होतं. हे तिनं प्रसेनजितला सांगितलं. तो म्हणाला, "तू नाई घालवलं." पण कुणी घालवलं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

पावसाळ्यात विहाराजवळच्या अभ्यासिकेत माणूस हवा होता. संध्याकाळी तीन तास, पोरांना पुस्तकं द्यायची, परत घ्यायची. मानधन थोडं होतं. वच्छलाबाईंच्या नवऱ्यानं तिचं नाव सुचवलं. मनालीनं तिला डाव्या हातानं सही गिरवायला शिकवलं आणि ती वाकडी सही ग्रामपंचायतीनं चालवून घेतली.

अभ्यासिकेचं दार रस्त्यावर आहे. कुलूप जुनं, एका हातानं उघडत नाही. एका हातानं ते धरायचं आणि दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. पहिल्या दिवशी सारिका दारासमोर उभी राहिली तेव्हा समोरून गाड्या जात होत्या, टपरीवर माणसं बसली होती. तिनं एकदा वळून पाहिलं. दारात पाच-सहा पोरं दप्तरं घेऊन थांबली होती, त्यातली एक पोरगी म्हणाली, "मावशी, मी धरू का?"

"थांब," सारिका म्हणाली. "पाहू दे मले."

तिनं अंगठा आणि करंगळीत कुलूप धरलं. ते दोनदा सुटलं. तिसऱ्या वेळी धरलं गेलं.